व्हिडिओ गेम संचांतील फेरफार व न्यायालयीन वाद

दूरचित्रवाणी संचास किंवा स्वतंत्र पडद्यास जोडून व्हिडिओ गेम खेळण्यासाठी बनविलेल्या संगणकीय उपकरणास व्हिडिओ गेम संच किंवा कन्सोल म्हणतात. अशा संचाच्या मंडलात जादा चिप बसवून, त्यातील नियंत्रक आज्ञावली बदलून किंवा खेळ चालू असताना संचाच्या स्मृतीतील अंक बदलून निर्मात्याने घातलेल्या मर्यादेबाहेरचे काम त्याच्याकडून करून घेणे, म्हणजे संचातील फेरफार होय. असे फेरफार करणारे कारागीर, त्यांची साधने विकणारे व्यापारी आणि संचांच्या निर्मात्या कंपन्या यांच्यात १९८१ पासून अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया व यूरोपमधील न्यायालयांत अनेक दावे झाले. विकत घेतलेल्या यंत्रावर मालकाचा अधिकार कोठवर चालतो आणि त्या यंत्रातील आज्ञावलीच्या निर्मात्याचा अधिकार कोठून सुरू होतो, हा या दाव्यांमागील मूळ प्रश्न आहे. आरंभीच्या दाव्यांत न्यायालये मुख्यतः नक्कल झाली किंवा नाही, हे पाहत. १९९८ नंतर अनेक देशांच्या कायद्यांनी यंत्रातील कुलपालाच संरक्षण दिल्यामुळे नक्कल झाली नसली, तरी कुलूप उघडणे हाच अपराध ठरू लागला. या वादांचा इतिहास हा बव्हंशी याच स्थित्यंतराचा इतिहास आहे.

यंत्र, आज्ञावली व कुलूप : यंत्र व त्याची आज्ञावली यांतील भेद वस्त्रोद्योगातील उदाहरणाने स्पष्ट होतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत (एमआयडीसी) चादरी व टेरी टॉवेल विणणारे यंत्रमाग आहेत. नक्षीदार चादर विणणाऱ्या मागावर जॅकार्ड यंत्रणा बसविलेली असते. ताण्याचा कोणता धागा कोणत्या क्षणी उचलावयाचा, हे या यंत्रणेत मूळच्या पद्धतीनुसार छिद्रित पत्त्यांची माळ ठरविते. पत्त्यांची माळ बदलली की तोच माग दुसरी नक्षी विणू लागतो. फ्रान्समधील लीआँ येथील झोझेफ मारी जॅकार्ड याने १९०४ च्या शंभर वर्षे आधी, म्हणजे १८०४ मध्ये सिद्ध केलेली ही युक्ती आज्ञावलीने चालणाऱ्या यंत्रांची पूर्वज मानली जाते. व्हिडिओ गेम संच हा या अर्थी माग होय, तर कार्ट्रिज किंवा तबकडीवरील खेळ ही पत्त्यांची माळ होय.

आता मागाच्या निर्मात्याने आपल्या मागात अशी खूण बसविली, की केवळ त्याच्याच परवान्याने तयार झालेले पत्ते माग स्वीकारील व अन्य पत्ते घातल्यास तो थांबेल, तर नक्षी कोणती विणावयाची हे ठरविण्याची सत्ता विणकराकडून निर्मात्याकडे जाईल. व्हिडिओ गेम संचांत नेमके हेच घडले. त्याचे कारण आर्थिक होते. संच अल्प नफ्यावर, प्रसंगी तोटा सोसूनही विकावयाचा आणि प्रत्येक खेळामागे मिळणाऱ्या परवाना शुल्कातून उत्पन्न मिळवावयाचे, अशी या व्यवसायाची रीत पडली. त्यातच १९८३ मध्ये उत्तर अमेरिकेत निकृष्ट खेळांचा सुळसुळाट होऊन हा बाजार कोसळला. त्यानंतर जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या संचात एक रोधक चिप बसविली. संचातील चिप व कार्ट्रिजमधील चिप यांच्यात ठराविक संकेतांची देवाणघेवाण झाली नाही, तर संच चालत नसे. नकली मालाला आळा घालणे आणि स्पर्धक प्रकाशकांना वेसण घालणे, असे दोन्ही हेतू या कुलपाने साधले. पुढील वादांत कंपन्या पहिल्या हेतूवर, तर प्रतिवादी दुसऱ्यावर बोट ठेवीत आले.

आरंभीचे दावे : पहिले वाद घरगुती संचांविषयी नसून सार्वजनिक खेळगृहांतील नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांविषयी होते. एखादा खेळ ग्राहकांना पाठ झाला की यंत्राची मिळकत घटे. म्हणून यंत्राचे मालक जुन्या यंत्रात जादा मंडल बसवून खेळ अवघड किंवा जलद करून घेत. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील काही विद्यार्थ्यांनी स्थापलेल्या जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशनने अटारी कंपनीच्या ‘मिसाइल कमांड’ या खेळासाठी असे जोड-मंडल विकण्यास सुरुवात केली, तेव्हा १९८१ मध्ये अटारीने त्यांच्यावर दावा लावला. या दाव्याचा शेवट अनपेक्षित झाला. अटारीने तडजोड करून याच मंडळींना खेळ रचण्याचे कंत्राट दिले. त्यांनी ‘पॅक-मॅन’ साठी सिद्ध केलेले दुसरे जोड-मंडल मिडवे कंपनीने घेतले आणि १९८२ मध्ये ते ‘मिस पॅक-मॅन’ या नावाने स्वतंत्र खेळ म्हणून बाजारात आले. त्या काळातील अत्यंत लोकप्रिय खेळांत त्याची गणना होते. फेरफार करणारा व निर्माता यांतील सीमारेषा किती पातळ असते, याचे हे आद्य उदाहरण होय.

मात्र मिडवे कंपनीनेच आर्टिक या कंपनीवर लावलेल्या दाव्यात न्यायालयाने कठोर भूमिका घेतली. ‘गॅलॅक्सियन’ या खेळाची गती वाढविणारे मंडल आर्टिक विकत असे. गती वाढविलेला खेळ ही मूळ खेळावरून सिद्ध केलेली साधित कृती असून ती निर्माण करण्याचा अधिकार मूळ प्रताधिकारधारकाचाच आहे, असा निर्णय सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने १९८३ मध्ये दिला.

१९९२ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी अमेरिकेतील अपील न्यायालयांनी तीन निर्णय दिले. ब्रिटनच्या कोडमास्टर्स कंपनीने रचलेले व अमेरिकेत गॅलूब कंपनीने विकलेले ‘गेम जिनी’ हे साधन संच व कार्ट्रिज यांच्यामध्ये बसे. खेळाडूस जादा आयुष्ये किंवा अधिक बळ मिळावे म्हणून ते खेळातील काही मूल्ये वाटेतच बदलीत असे. मूळ कार्ट्रिजमध्ये मात्र काहीच बदल होत नसे. निन्टेंडोने विक्रीविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. तथापि हे साधन कोणतीही स्थायी साधित कृती निर्माण करीत नाही आणि स्वतः विकत घेतलेला खेळ घरी वेगळ्या रीतीने खेळणे हा ग्राहकाचा वाजवी वापर आहे, असे ठरून गॅलूबचा विजय झाला. मनाई हुकुमाच्या काळातील नुकसानीदाखल निन्टेंडोला १·५ कोटी डॉलरांचा जामीन गमवावा लागला व १९९४ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

दुसरा निर्णय सेगा कंपनीने अ‍ॅकोलेड या प्रकाशकावर लावलेल्या दाव्यातील होता. सेगाच्या संचावर चालतील असे खेळ परवान्यावाचून तयार करण्यासाठी अ‍ॅकोलेडने सेगाच्या आज्ञावलीचा उलट क्रमाने उलगडा केला होता. संचाशी जुळण्यासाठी आवश्यक माहिती मिळविण्याचा अन्य मार्ग नसेल, तर अशा अभ्यासासाठी केलेली मधली प्रत हा वाजवी वापर होय, असे नवव्या विभागाच्या न्यायालयाने म्हटले. तिसऱ्या दाव्यात अटारी गेम्स या कंपनीने निन्टेंडोच्या रोधक चिपची आज्ञावली अमेरिकेच्या प्रताधिकार कार्यालयातून खोटे कारण सांगून मिळविल्याचे उघड झाले होते. उलट उलगडा तत्त्वतः वाजवी असू शकतो, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु गैरमार्गाने आलेल्या पक्षास त्याचा लाभ देण्यास नकार दिला. याच परंपरेत सोनीच्या प्लेस्टेशन संचाचे कार्य सामान्य संगणकावर घडवून आणणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीच्या आज्ञावलीस २००० मध्ये न्यायालयाने संरक्षण दिले.

जपानमध्ये याच्या उलट दृष्टी दिसून येते. कोनामी कंपनीच्या एका प्रणयविषयक खेळात नायकाचे गुण आरंभीच वाढवून ठेवणारी स्मृतिपत्रे विकली जात होती. त्यामुळे कथेचा मूळ विकास बिघडतो व लेखकाच्या कृतीच्या अखंडतेस बाध येतो, असा निर्णय जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २००१ रोजी दिला. जी गोष्ट अमेरिकेतील न्यायालयाला घरगुती करमणूक वाटली, तीच जपानी न्यायालयाला लेखकाच्या नैतिक अधिकाराचा भंग वाटली.

फेरफार-चिपचा उदय : सोनीचा प्लेस्टेशन हा संच डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये विक्रीस आला. त्यातील खेळ कार्ट्रिजऐवजी तबकडीवर असत. तबकडीची नक्कल घरच्या संगणकावर करणे लवकरच सोपे व स्वस्त होणार होते. म्हणून तबकडीवरील सर्पिल मार्गाच्या सूक्ष्म नागमोडीत काही अक्षरांचा संकेत लपविण्यात आला. सामान्य लेखनयंत्रास हा संकेत उमटविता येत नसे. त्यामुळे नक्कल केलेली तबकडी संच नाकारी. हा संकेत जपान, अमेरिका व यूरोप यांसाठी वेगवेगळा असल्याने एका प्रदेशातील अस्सल तबकडीही दुसऱ्या प्रदेशातील संचावर चालत नसे. संचाच्या मंडलास काही तारांनी डाखलेली छोटी चिप योग्य क्षणी हा संकेत स्वतःच पुरवू लागली. हीच फेरफार-चिप होय.

या चिपचे उपयोग तीन होते. तिच्या साहाय्याने चोरून केलेल्या नकला चालत. परदेशातून रीतसर विकत आणलेले खेळ चालत. आणि परवान्यावाचून लोकांनी हौसेने लिहिलेल्या आज्ञावलीही चालत. पहिला उपयोग उघड बेकायदेशीर होता, उरलेले दोन तसे नव्हते. एकाच चिपमध्ये हे तीनही उपयोग अभिन्नपणे गुंफलेले असल्यामुळे पुढील न्यायालयीन गुंतागुंत निर्माण झाली.

कायद्यातील स्थित्यंतर : जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या विद्यमाने डिसेंबर १९९६ मध्ये झालेल्या प्रताधिकार कराराने सभासद देशांवर तांत्रिक संरक्षक उपायांना कायद्याचे पाठबळ देण्याचे बंधन घातले. त्यानुसार अमेरिकेने ऑक्टोबर १९९८ मध्ये अंकीय सहस्रक प्रताधिकार अधिनियम संमत केला. संरक्षित कृतीच्या उपयोगावर नियंत्रण ठेवणारे कुलूप चुकविणे आणि ते चुकविण्याची साधने विकणे या दोन्ही गोष्टी त्याने प्रतिबंधित केल्या. व्यापारी हेतूने केलेल्या पहिल्या अपराधास पाच वर्षांपर्यंत कारावास व पाच लाख डॉलरांपर्यंत दंड अशी तरतूद झाली. ऑस्ट्रेलियाने २००० मध्ये कायदा केला व यूरोपीय संघाने २००१ मध्ये निदेश काढला.

नव्या कायद्याचा प्रभाव तत्काळ दिसून आला. परदेशी प्रदेशसंकेताच्या अस्सल तबकड्या चालविणारे ‘गेम एन्हान्सर’ हे साधन विकणाऱ्या कॅलिफोर्नियातील दुकानाविरुद्ध सोनीने १९९९ मध्ये मनाई हुकूम मिळविला. १९९२ च्या गेम जिनी निर्णयाचा आधार येथे उपयोगी पडला नाही. कारण आता प्रश्न साधित कृतीचा नसून कुलपाचा होता.

ऑस्ट्रेलिया व ब्रिटन : नव्या कायद्याच्या शब्दांचा सर्वांत सूक्ष्म अर्थ ऑस्ट्रेलियात लावण्यात आला. सिडनी येथे फेरफार-चिप विकणाऱ्या व बसविणाऱ्या व्यावसायिकावर सोनीने लावलेला दावा स्टीव्हन्स खटला म्हणून ओळखला जातो. २००२ मध्ये संघीय न्यायालयाने सोनीचे म्हणणे फेटाळले, २००३ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ते मान्य केले आणि ६ ऑक्टोबर २००५ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, एकमताने सोनीच्या विरुद्ध निर्णय दिला. ऑस्ट्रेलियन कायद्यातील व्याख्येप्रमाणे संरक्षक उपाय प्रताधिकाराचा भंग रोखणारा असावयास हवा होता. प्लेस्टेशनमधील कुलूप नक्कल करण्यास अटकाव करीतच नाही. नक्कल आधीच झालेली असते व कुलूप ती केवळ चालू देत नाही. खेळताना आज्ञावलीचा जो लहानसा अंश संचाच्या तात्पुरत्या स्मृतीत येतो, तीही कायद्याच्या अर्थाने भरीव भागाची प्रत नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. ग्राहकाने विकत घेतलेल्या वस्तूवरील हक्क संदिग्ध शब्दांच्या ओढाताणीने संकुचित करू नयेत, असा या निर्णयाचा रोख होता.

तथापि हा विजय अल्पकालीन ठरला. अमेरिकेशी केलेला मुक्त व्यापार करार जानेवारी २००५ मध्ये अमलात आला होता. त्यातील अटींनुसार ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये कायदा दुरुस्त करून उपयोगावर नियंत्रण ठेवणाऱ्या कुलपांनाही संरक्षण दिले. मात्र केवळ बाजारपेठेची भौगोलिक विभागणी करणारी कुलपे या व्याख्येतून वगळण्यात आली. परदेशात रीतसर घेतलेली तबकडी चालविण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा राहिला.

ब्रिटनमध्ये हाच तात्पुरत्या प्रतीचा मुद्दा दोन फौजदारी अपिलांत आला. २००८ मध्ये अपील न्यायालयाने एका चिप-विक्रेत्याची शिक्षा रद्द केली. कारण अशा चिपमुळे चोरट्या नकलांना उत्तेजन मिळते एवढेच अभियोक्त्यांनी म्हटले होते, खेळताना नक्कल होते हे सिद्ध केले नव्हते. दुसऱ्याच वर्षी, २००९ मध्ये, तसाच दुसरा खटला त्या न्यायालयापुढे आला. या वेळी खेळातील नायिकेची चित्रे पडद्यावर उमटणे हीच त्या चित्रकृतीची प्रत होय, असा युक्तिवाद मांडण्यात आला. तो मान्य होऊन शिक्षा कायम झाली. दोन्ही आरोपींनी केलेले काम जवळजवळ एकच होते. निर्णयांतील फरक अभियोक्त्यांच्या मांडणीमुळे पडला.

यूरोपीय संघात निन्टेंडो विरुद्ध पीसी बॉक्स या इटलीतील दाव्यात संघाच्या न्यायालयाने २३ जानेवारी २०१४ रोजी समतोलाचे तत्त्व सांगितले. संचातील कुलपास संरक्षण मिळू शकते. पण ते साध्याच्या प्रमाणात असावे. इतर वैध उपयोगांत कमी व्यत्यय आणणारा उपाय कंपनीस उपलब्ध होता काय आणि प्रतिवादीची साधने प्रत्यक्षात लोक कशासाठी वापरतात, हे राष्ट्रीय न्यायालयाने तपासावे, असे त्याने सांगितले.

जाळ्याला जोडलेले संच : पुढील काळात संच इंटरनेटला जोडले गेले आणि विक्रीनंतरही निर्माता संचाचे रूप दुरून बदलू शकेल, अशी स्थिती आली. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या संचावर आरंभी लिनक्ससारखी अन्य परिचालन प्रणाली बसविण्याची सोय होती. १ एप्रिल २०१० च्या सुधारणेने ती काढून घेण्यात आली. सुधारणा स्वीकारली नाही, तर जाळ्यावरील सेवा बंद होत असे. विकत घेताना असलेला गुण निर्मात्यानेच नंतर काढून घेतल्याबद्दल अमेरिकेत ग्राहकांनी सामुदायिक दावा लावला. त्यात २०१८ मध्ये ३७·५ लाख डॉलरांची तडजोड झाली.

दरम्यान डिसेंबर २०१० मध्ये बर्लिन येथील एका परिषदेत या संचाच्या अंकीय स्वाक्षरीतील दोष जाहीर झाला. प्रत्येक स्वाक्षरीसाठी नवी यादृच्छिक संख्या घेणे आवश्यक असताना सोनीने एकच संख्या पुनःपुन्हा वापरली होती. त्यामुळे गुप्त किल्ली साध्या गणिताने काढता आली. जॉर्ज हॉट्झ या अमेरिकन तरुणाने जानेवारी २०११ मध्ये संचाची मूळ किल्ली प्रसिद्ध करताच सोनीने त्याच्यावर दावा लावला. एप्रिल २०११ मध्ये तडजोड जाहीर झाली. हॉट्झने कायमचा मनाई हुकूम मान्य केला; दोष मात्र कबूल केला नाही. त्यापूर्वी डिसेंबर २०१० मध्ये लॉस अँजेल्स येथे एक्सबॉक्स ३६० संचांत फेरफार करणाऱ्या विद्यार्थ्यावरील फौजदारी खटला अभियोक्त्यांनी सुनावणी सुरू झाल्यानंतर मागे घेतला होता.

निन्टेंडोच्या स्विच संचातील एक दोष २०१८ मध्ये उघडकीस आला. तो चिपमधील स्थायी स्मृतीत असल्याने विकल्या गेलेल्या संचांत दुरुस्त करता येण्याजोगा नव्हता. त्यावर आधारलेली साधने विकणाऱ्या टोळीतील एका कॅनेडियन इसमास अमेरिकेच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांचा कारावास ठोठावला. फौजदारी खटल्यातील भरपाई ४५ लाख डॉलर व दिवाणी दाव्यातील रक्कम १ कोटी डॉलर होती. स्विचचे कार्य संगणकावर घडविणाऱ्या ‘यूझू’ या आज्ञावलीविरुद्ध निन्टेंडोने फेब्रुवारी २०२४ मध्ये लावलेला दावा पुढच्याच महिन्यात २४ लाख डॉलरांच्या तडजोडीने मिटला. सेगा व कनेक्टिक्स या निर्णयांनी घालून दिलेली तत्त्वे कुलपाच्या नव्या कायद्यापुढे टिकतात काय, याचा निवाडा त्यामुळे या प्रकरणी झाला नाही. बलाढ्य कंपनीपुढे खर्चाच्या भीतीने प्रतिवादी तडजोड करतो व मूळ प्रश्न अनिर्णित राहतो, हे या वादांचे एक लक्षणच आहे.

याच सुमारास यूरोपमध्ये गेम जिनीचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. डेटेल कंपनीचे साधन सोनीच्या हातातील संचावर खेळ चालू असताना स्मृतीतील काही चल मूल्ये बदलीत असे. मूळ आज्ञावलीची संहिता न बदलता केवळ अशी मूल्ये बदलणे हा संगणक आज्ञावलीविषयक निदेशाखाली प्रताधिकाराचा भंग नव्हे, असे यूरोपीय संघाच्या न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगितले. ३२ वर्षांनंतर अमेरिकेतील गेम जिनी निर्णयाशी जुळणारा निष्कर्ष वेगळ्या मार्गाने निघाला.

भारतीय स्थिती : भारतात १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाखाली संगणकाची आज्ञावली वाङ्मयीन कृती मानली जाते. १९९४ व १९९९ च्या दुरुस्त्यांनी कलम ५२ मध्ये महत्त्वाचे अपवाद घातले. आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास संरक्षणार्थ जादा प्रत करणे, अन्य आज्ञावलीशी जुळणी साधण्यासाठी अन्यथा न मिळणारी माहिती मिळविणे आणि आज्ञावलीचे कार्य अभ्यासणे यांची मुभा त्यांनी दिली. सेगा निर्णयाने अमेरिकेत जे न्यायालयाकडून मिळाले, ते भारतात अशा रीतीने कायद्याच्या शब्दांतच आले.

उपकरणातील फेरफाराविषयीचा एक लक्षणीय भारतीय निर्णय व्हिडिओ गेमऐवजी भ्रमणध्वनीच्या संदर्भात झाला. रिलायन्स इन्फोकॉमने सवलतीत दिलेले हँडसेट ठराविक काळ तिच्याच सेवेस बांधलेले होते. ते प्रतिस्पर्धी टाटा इंडिकॉमच्या सेवेवर चालावेत म्हणून त्यांतील संकेत बदलल्याचा आरोप काही कर्मचाऱ्यांवर झाला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००५ मध्ये भारतीय दंड संहितेखालील आरोप रद्द केले. पण माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६५ व प्रताधिकार अधिनियमाचे कलम ६३ यांखालील तपास थांबविण्यास नकार दिला. हँडसेटला ओळख देणारा संकेतही संरक्षित आज्ञावलीचा भाग ठरू शकतो, हे त्यातून प्रस्थापित झाले.

कुलपाविषयीची तरतूद २१ जून २०१२ रोजी अमलात आलेल्या दुरुस्तीने, कलम ६५अ म्हणून आली. तिच्यानुसार संरक्षक उपाय चुकविणे हा दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड यांस पात्र असा अपराध आहे; परंतु तो प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने केलेला असला पाहिजे. या एका अटीमुळे भारतीय कायदा अमेरिकन कायद्याहून वेगळा ठरतो. शिवाय चुकविण्याची साधने विकणे हा येथे स्वतंत्र अपराध नाही. दुसऱ्यास त्या कामी साहाय्य करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता व प्रयोजन यांची नोंद ठेवावी, असे बंधन आहे. यामुळे परदेशातून रीतसर आणलेला खेळ चालावा म्हणून किंवा बिघडलेला भाग बदलता यावा म्हणून संच उघडणारा ग्राहक आणि नकली तबकड्यांचा व्यापार करणारा यांत कायद्याच्या शब्दांवरूनच भेद करता येतो. भारताने २०१८ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या १९९६ च्या कराराचा स्वीकार केला.

व्यापक महत्त्व : व्हिडिओ गेम ही करमणुकीची बाब असली, तरी तिच्या निमित्ताने घडलेला कायदा आता आज्ञावलीने चालणाऱ्या प्रत्येक यंत्रास लागू पडतो. बिघडलेल्या संचातील तबकडी वाचणारा भाग बदलल्यावर नवा भाग मूळ मंडलाशी संकेताने जुळविला नाही, तर संच चालत नाही; म्हणून अशा दुरुस्तीपुरती सूट अमेरिकेच्या ग्रंथालय प्रमुखांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये दिली. निर्मात्याने सेवा बंद केलेले खेळ जतन करू पाहणाऱ्या ग्रंथालयांना व संग्रहालयांनाही अशाच मर्यादित सवलतींवर अवलंबून राहावे लागते. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. तिच्या विचारार्थ ठेवलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी व टिकाऊ गृहोपयोगी वस्तू, मोटारगाड्या यांचा समावेश होता.

सोलापूरच्या मागाचे आरंभीचे उदाहरण येथे केवळ उपमा राहत नाही. वस्त्रोद्योगात पुठ्ठ्याच्या पत्त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड यंत्रणा घेत आहे. तिच्यात नक्षी संगणकीय संचिकेत असते व माग नियंत्रक आज्ञावलीने चालतो. अशा मागावर दोन वेगळ्या अधिकारांची गाठ पडते. विणकराने कल्पिलेल्या नक्षीची रीतसर नोंदणी अभिकल्प अधिनियम, २००० खाली केली, तर तिला दहा व वाढीव पाच अशी एकूण पंधरा वर्षे संरक्षण मिळते. नोंदणी केली नाही, तर प्रताधिकार अधिनियमाच्या कलम १५ नुसार औद्योगिक प्रक्रियेने पन्नासाहून अधिक नग निघताच नक्षीतील प्रताधिकार संपतो. चादरीच्या कारखान्यात ही संख्या गाठावयास फार काळ लागत नाही. मागातील नियंत्रक आज्ञावली मात्र नोंदणीवाचूनही वाङ्मयीन कृती म्हणून संरक्षित असते आणि हे संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत चालते. एकाच यंत्रावर काम करणाऱ्या नक्षीकाराच्या व आज्ञावलीकाराच्या श्रमांत कायद्याने केलेला हा भेद आहे.

कन्सोलविषयक चार दशकांच्या वादांतून काही निष्कर्ष निघतात. नकलांचा व्यापार कोणत्याही देशाच्या न्यायालयाने वैध मानलेला नाही. निवाड्यांत मतभेद झाला तो अस्सल वस्तूच्या मालकाने ती वेगळ्या रीतीने वापरण्याविषयी. जेथे कायद्याने प्रताधिकाराच्या भंगाशी कुलपाचा संबंध कायम ठेवला, तेथे अशा मालकाला बचाव उरला. जेथे कुलपालाच स्वतंत्र संरक्षण दिले, तेथे त्याला वेळोवेळी सवलत मागावी लागली. भारतीय कायदा पहिल्या वर्गात मोडतो. यंत्रमाग, ट्रॅक्टर व मोटारगाड्या यांच्या दुरुस्तीचे प्रश्न जसजसे न्यायालयांपुढे येतील, तसतसे कलम ६५अ मधील हेतूच्या अटीचे महत्त्व वाढत जाईल.